लांडग्याचे कान : पिल्लाचे पडके कान उभे करण्याचा इतिहास

जर्मन शेफर्डचे पिल्लू घरात आले, की त्याच्या खाण्यापिण्याइतकीच चर्चा त्याच्या कानांची होते. दोन महिन्यांच्या पिल्लाचे कान गालांवर लोळत असतात. तिसऱ्या महिन्यात एक कान उठतो, दुसरा तसाच पडून राहतो. मग दोन्ही उठतात, पण डोक्याच्या मधोमध टोकाला टोक भिडवून उभे राहतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात दुधाचे दात पडू लागतात आणि काल ताठ असलेले कान आज पुन्हा खाली येतात. इथे मालकाचा धीर सुटतो. शेजारी कॅल्शियमची पूड सुचवतो, मित्र मालिश करायला सांगतो, तिसरा कोणी चिकटपट्टीचा व्हिडिओ पाठवतो. "कान उभे राहिले नाहीत तर पिल्लू अस्सल नाही", हेही कोणीतरी बोलून जातेच.

हा धागा त्या चिकटपट्टीमागच्या इतिहासाचा आहे. राखणदार कुत्र्याचे कान उभेच असले पाहिजेत, हा आग्रह वाटतो तितका जुना नाही. एकेकाळी जाणकारांचा आग्रह नेमका उलट होता.

आधी कानाविषयी थोडेसे. कुत्र्याच्या कानाची पाळी त्वचा आणि कूर्चा यांची बनलेली असते आणि तिच्या बुडाशी अनेक लहान स्नायू असतात. नवजात पिल्लाची कूर्चा मऊ असते आणि कानाचे छिद्रही बंद असते. पुढे कूर्चा घट्ट होते, बुडाचे स्नायू बळकट होतात आणि ज्या जातीत ते आनुवंशिक आहे त्या जातीत कान वर येतात. जर्मन शेफर्डमध्ये हे साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पूर्ण होते. आपल्याकडच्या गावठी कुत्र्याचे कान बहुधा कोणी न सांगता, कोणी न बांधता उभे राहतात. लांडग्याचेही तसेच. मराठीने हे निरीक्षण भाषेतच मुरवून ठेवले आहे. सावध झालेला माणूस कान टवकारतो आणि हिरमुसलेला कान पाडून बसतो.

आता रोममध्ये जाऊ. इ.स.पू. ३७ च्या सुमारास, वयाची ऐंशी वर्षे गाठलेल्या वॅरो या विद्वानाने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात कळपासोबत ठेवायच्या कुत्र्याची निवड कशी करावी, याचे सविस्तर वर्णन आहे. डोके, नाक, ओठ, छाती, पाय, पंजे असा एकेक अवयव तो घेतो. कानांच्या बाबतीत त्याची पसंती मोठ्या आणि मऊ, लोंबणाऱ्या कानांना आहे.

त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, स्पेनच्या गादेस (आजचे कादिस) येथे जन्मलेल्या कोलुमेल्लाने शेतीवरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या सातव्या भागाच्या शेवटी कुत्र्यांवर एक प्रकरण आहे आणि ते आजही मजेने वाचावे असे आहे. शेतघराची राखण करणारा कुत्रा काळा असावा, असे तो सांगतो. दिवसा काळा कुत्रा अधिक भीतिदायक दिसतो आणि रात्री तो अंधारात मिसळून जात असल्याने चोराला दिसतच नाही. त्याचे डोके इतके मोठे असावे की शरीराचा तोच मुख्य भाग वाटावा. आवाज घुमणारा असावा. आणि कान? खाली लोंबणारे.

मेंढपाळाच्या कुत्र्याबद्दल त्याचे म्हणणे तर आणखी महत्त्वाचे आहे. हा कुत्रा पांढरा असावा, कारण पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात लांडगा समजून धन्याने आपल्याच कुत्र्यावर घाव घालता कामा नये. रोमन मेंढपाळाच्या दृष्टीने कुत्र्याच्या रूपाची पहिली कसोटी हीच होती : तो लांडग्यासारखा दिसता कामा नये. ज्याच्या मेंढ्या लांडगा खरोखरच नेतो, त्याला लांडग्याच्या देखणेपणाचे कौतुक परवडत नाही.

प्राचीन जगात सगळीकडे हीच आवड होती, असे मात्र नाही. इजिप्तच्या जुन्या राजवटीतील शिकारी कुत्री चित्रांमध्ये ताठ कानांची दिसतात, तर निनवे येथील अश्शुरबानिपालच्या राजवाड्यातील शिल्पपटांवरची दणकट कुत्री पडक्या कानांची आहेत. पाँपेईच्या एका घराच्या उंबऱ्याशी 'कुत्र्यापासून सावध' असा इशारा देणारे प्रसिद्ध मोझेइक आहे. त्यातील साखळीने बांधलेल्या काळ्या कुत्र्याचे कान उभे आहेत. म्हणजे दोन्ही प्रकारचे कान होते आणि दोन्हींना चाहते होते. कान हा अस्सलपणाचा पुरावा मात्र नव्हता.

कोलुमेल्लाला निष्कारण दयाळू ठरवण्याचेही कारण नाही. जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी पिल्लाच्या शेपटीचे टोक दातांनी तोडावे, म्हणजे शेपूट बेढब वाढत नाही आणि मेंढपाळांच्या मते पिसाळण्याचा धोकाही टळतो, असे त्याच प्रकरणात लिहिले आहे. पिल्लाचे शरीर माणसाच्या समजुतीप्रमाणे दुरुस्त करण्याची सवय अशी दोन हजार वर्षांची आहे. कानांवर कात्री चालवण्याची फॅशन जिथे शिगेला पोहोचली, ती जागा म्हणजे इंग्लंड.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये बैल, अस्वल आणि इतर कुत्र्यांशी कुत्र्यांच्या झुंजी लावणे हा सर्रास चालणारा खेळ होता. झुंजीत लोंबता कान ही प्रतिस्पर्ध्याच्या दातांसाठी आयती पकड ठरते, म्हणून झुंजीच्या कुत्र्यांचे कान पिल्लूपणीच कातरले जात. उरलेला त्रिकोणी तुकडा ताठ उभा राही. १८३५ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून अशा झुंजींवर बंदी घातली. कारण संपले, तर कात्रीही थांबायला हवी होती. तसे झाले नाही.

१८५९ साली न्यूकॅसलला ज्याला आधुनिक म्हणता येईल असे पहिले श्वानप्रदर्शन भरले आणि १८७३ साली केनेल क्लब स्थापन झाला. रिंगणातल्या रक्तपाताची जागा परीक्षकासमोरच्या स्पर्धेने घेतली. आता बुल टेरियर, काळा-तांबूस टेरियर, पांढरा इंग्लिश टेरियर आणि ग्रेट डेन यांचे कान झुंजीसाठी नव्हे, तर बक्षिसासाठी कातरले जाऊ लागले. ताठ कानांचा कुत्रा चपळ, सावध आणि 'तयारीचा' दिसे. काही महिन्यांच्या पिल्लाचे कान कात्रीने आकारात कापायचे आणि जखम भरत असताना ते रोज ओढून, पट्ट्या लावून उभे राहतील असे पाहायचे, ही पैदासकारांची नित्याची कामे झाली होती. कातरलेला कानसुद्धा आपोआप उभा राहत नाही, हे इथे लक्षात ठेवावे. चिकटपट्टीचे मूळ या कातरकामातही आहे.

या प्रथेला उतरती कळा लागली ती १८९५ साली. कान कातरणे ही कायद्याने क्रूरता ठरते, असा निकाल लंडनच्या एका न्यायालयात लागला. त्याच वर्षी केनेल क्लबचे आश्रयदाते असलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सनी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डनी, आपला या प्रथेला विरोध असल्याचे क्लबला कळवले. क्लबने ३१ मार्च १८९५ नंतर जन्मलेल्या आणि कान कातरलेल्या कुत्र्यांना आपल्या प्रदर्शनांत बक्षिसापासून वगळले आणि १८९८ पर्यंत बंदी पक्की झाली. राजपुत्राचे पत्र नसते तर क्लब इतक्या लवकर हलला असता का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. टीका तर आधीही होतच होती.

बंदीनंतर जे घडले ते मूळ निर्णयाइतकेच बोधक आहे. ग्रेट डेनच्या ब्रिटिश पैदासकारांनी पडके कान मुकाट्याने स्वीकारले. बुल टेरियरवाल्यांना ते मान्य नव्हते. त्यांनी ज्या मोजक्या कुत्र्यांचे कान निसर्गतः उभे राहत होते, ती निवडून पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच जोड्या लावल्या. आज बुल टेरियरचे कान जन्मजात गुणानेच ताठ असतात. पांढऱ्या इंग्लिश टेरियरच्या नशिबी हे नव्हते. त्याचे चाहते आधीच कमी होते, बहिरेपणासारखे दोष त्या जातीत पसरले होते आणि कातरलेल्या कानांशिवाय त्याचे रूप लोकांना भावेना. विसाव्या शतकाच्या आरंभी ही जात नाहीशीच झाली. कान हे तिच्या अस्ताचे एकमेव कारण नव्हते, पण कारणांमध्ये त्यांची गणना होते.

कात्री बंद झाली की निवड सुरू होते. याच सुमारास, कात्री न लावता, केवळ निवडीच्या जोरावर ताठ कानांचा एक कुत्रा घडवला जात होता, तो जर्मनीत.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत मेंढपाळांची कुत्री प्रदेशागणिक वेगळी होती. थुरिंगियातील कुत्री आकाराने लहान, बहुधा लांडग्यासारख्या करड्या रंगाची आणि उभ्या कानांची. वुर्टेंबर्गची कुत्री थोराड, दमदार आणि बऱ्याचदा पडक्या कानांची. मेंढपाळाला कानांचे सोयरसुतक नव्हते. कुत्रा मेंढ्या वळवतो की नाही, एवढेच तो पाही. १८९१ साली 'फायलॅक्स' नावाच्या मंडळाने या सगळ्यांना एका जातीत बांधण्याचा प्रयत्न केला. कामाला महत्त्व द्यावे की रूपाला, यावर सभासदांत वाद होत राहिले आणि १८९४ च्या सुमारास मंडळ मोडले.

मग ३ एप्रिल १८९९ रोजी, कार्ल्सरुहे येथील श्वानप्रदर्शनात, माक्स फॉन स्टेफानिट्झ या घोडदळातील कॅप्टनला 'हेक्टर लिंक्सराइन' नावाचा चार वर्षांचा कुत्रा दिसला. करडा, मजबूत बांध्याचा, ताठ कानांचा. त्याच्या रक्तात थुरिंगियाचा वारसा होता. स्टेफानिट्झने तो विकत घेतला, त्याचे नाव 'होरांड फॉन ग्राफ्राथ' असे बदलले आणि २२ एप्रिलला, म्हणजे तीन आठवड्यांच्या आत, जर्मन शेफर्डच्या संघटनेची स्थापना केली. वंशावळीच्या नोंदवहीत पहिला क्रमांक होरांडचा. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये, फ्रँकफुर्टच्या पहिल्या सर्वसाधारण सभेत, आर्थर मायर आणि स्टेफानिट्झ यांच्या प्रस्तावांवर आधारित जातीचे मानक मंजूर झाले. ताठ, टोकदार आणि पुढे रोखलेले कान ही या जातीची ओळख ठरली. आजच्या मानकातही दुमडलेले आणि लोंबते कान दोष मानले जातात.

होरांड आणि त्याचा मुलगा हेक्टर फॉन श्वाबेन यांच्याभोवती जवळच्या नात्यांतील जोड्या लावून हवे ते गुण स्थिर केले गेले. वुर्टेंबर्गच्या कुत्र्यांचा थोराड बांधा ठेवायचा आणि त्यांचे पडके कान मात्र मागे सोडायचे, असा हा उद्योग होता. आजही एखाद्या उत्तम वंशावळीच्या पिल्लाचा कान शेवटपर्यंत उभा राहत नाही, तेव्हा त्यात कोणाचाच दगाफटका नसतो. अनेक प्रदेशांच्या कुत्र्यांतून ही जात घडली आहे आणि एखादा जुना गुण अधूनमधून डोके वर काढतो, किंवा या बाबतीत म्हणायचे तर कान खाली पाडतो.

इथे एक विसंगती नजरेत भरते. स्टेफानिट्झ आयुष्यभर बजावत राहिला, की या कुत्र्याची कसोटी त्याचे काम आहे, रूप नव्हे. ते त्याने मनापासून म्हटले यात शंका नाही. उद्योगधंदे वाढून मेंढपाळी आटू लागली, तेव्हा त्याने आपला कुत्रा पोलिसांकडे आणि सैन्याकडे नेला, तो कामाच्याच आग्रहाने. पण मेंढ्या वळवण्यासाठी कान उभे असण्याची गरज नाही, हे वुर्टेंबर्गच्या कुत्र्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध केले होते. उभ्या कानांना अधिक ऐकू येते, हे समर्थन नेहमी दिले जाते. १९८३ साली चिवावापासून सेंट बर्नार्डपर्यंत वेगवेगळ्या आकारांच्या कुत्र्यांची श्रवणक्षमता मोजली गेली, तेव्हा त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. चिवावाचे कान ताठ असतात आणि सेंट बर्नार्डचे लोंबते.

मग उभे कान हवे कोणाला होते? जर्मनीच्या बहुतेक भागांतून एकोणिसाव्या शतकात लांडगा मारून संपवला गेला होता. जो प्राणी आता मेंढ्या खात नव्हता, त्याचे रूप शहरी मध्यमवर्गाला आणि लष्करी अधिकाऱ्यांना रुबाबदार, अस्सल, मूळचे वाटू लागले. कोलुमेल्लाच्या मेंढपाळाला कुत्रा लांडग्यापासून वेगळा ओळखू यायला हवा होता. कार्ल्सरुहेच्या कॅप्टनला कुत्र्यात लांडगा दिसायला हवा होता. दोघांच्या आवडीत अठराशे वर्षांचे अंतर आहे, आणि मधल्या काळात निसटून गेलेली एक भीतीही.

ही भीती फार दूर गेली नव्हती. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने या कुत्र्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. १९१६ साली ओल्डनबुर्ग येथे युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. १९१८ मध्ये फ्रान्सच्या लोरेन भागात एका अमेरिकन सैनिकाला सापडलेले पिल्लू पुढे 'रिन टिन टिन' या नावाने हॉलिवूडचा तारा झाले. पण ब्रिटनमध्ये 'जर्मन' हा शब्द उच्चारणे नको होते, म्हणून जातीचे नाव 'अल्सेशियन वुल्फ डॉग' असे ठेवले गेले. लवकरच त्यातला 'वुल्फ'ही काढून टाकावा लागला, कारण लांडग्याचे रक्त असलेला कुत्रा घरात कोण ठेवणार? उरला नुसता 'अल्सेशियन'. मराठी घरांतल्या जुन्या पिढीच्या तोंडी आजही हाच शब्द आहे. ब्रिटनमध्ये मूळ नाव परत यायला १९७७ साल उजाडले. ऑस्ट्रेलियाने तर १९२९ पासून चार दशकांहून अधिक काळ या जातीच्या आयातीवर बंदी घातली. हे कुत्रे रानटी डिंगोंशी संकर करून मेंढ्यांचा फडशा पाडतील, ही धास्ती होती. मेंढ्या राखण्यासाठी घडवलेल्या जातीवर मेंढपाळांच्या देशाने बंदी घातली, ती ती लांडग्यासारखी दिसते म्हणून.

पुढे नाझी छळछावण्यांच्या पहाऱ्यावर हेच कुत्रे उभे केले गेले. तेव्हापासून ताठ कानांची ती आकृती कोणाला वाटाड्याची वाटते, कोणाला पोलिसाची आणि कोणाला त्याहून भयंकर काहीतरी आठवून देते. २०१८ साली अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेच्या प्रमुखांनी उघडपणे सांगितले, की प्रवाशांमध्ये वावरण्यासाठी त्यांना लोंबत्या कानांची कुत्री अधिक सोयीची वाटतात. ताठ कानांच्या कुत्र्यांना मुले घाबरतात. वास घेण्याच्या कामात कानांचा संबंध नसतो, हे मुंबईला वेगळे सांगायला नको. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर शहरात ठिकठिकाणी दडवलेली स्फोटके हुडकणारा पोलिसांचा 'झंजीर' लॅब्राडोर होता, पडक्या कानांचा.

आता पुन्हा घरातल्या पिल्लाकडे आणि त्या चिकटपट्टीकडे. मानक लिहिले गेले, की मानकापर्यंत पिल्लाला पोहोचवण्याचे उपायही जन्माला येतात. कानाच्या आत केस कुरळे करायचा फोमचा रोलर ठेवून वरून पट्टी गुंडाळणे, दोन्ही कान एकमेकांना बांधून उभे धरणे, गोंद लावणे, चघळायला हाडे देणे, जिलेटिन खाऊ घालणे. यातले किती कान उपायाने उभे राहिले आणि किती नुसते वय झाले म्हणून, हे सांगणे अवघड असते. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात घडतात आणि श्रेय पट्टीला मिळते. पट्टीखाली ओल राहिली तर कानाला संसर्ग होतो, आणि घट्ट बांधलेली पट्टी कोवळ्या कूर्चेला इजा करते.

कॅल्शियमचा उपाय त्याहून धोकादायक आहे. कान ताठ व्हायला हाड नव्हे, कूर्चा लागते, आणि वाढत्या वयात मोठ्या जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियम सोसत नाही. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधील उत्रेख्त येथे ग्रेट डेनच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट झाले. ज्यांना गरजेपेक्षा फार जास्त कॅल्शियम दिले गेले, त्यांच्या हाडांच्या वाढीत विकृती आल्या. कान उभे करण्याच्या नादात पाय अधू होण्याचा हा व्यवहार आहे, आणि आपल्याकडे दुकानात ती पूड कोणीही मागितली तरी मिळते. बहुतेक पशुवैद्यांचा सल्ला अगदी नीरस असतो : चौरस आहार द्या, दात येऊन होईपर्यंत थांबा.

या खटाटोपाची गंमत कळते ती कॉलीमुळे. स्कॉटलंडच्या या मेंढपाळी कुत्र्याला राणी व्हिक्टोरियाने बाल्मोरलला आश्रय दिला आणि त्याचे भाग्य उजळले. १९४३ च्या 'लॅसी' चित्रपटाने तर तो घरोघरी पोहोचला. त्याच्या मानकानुसार कान अर्धे उभे असावेत आणि वरची टोके पुढे झुकलेली असावीत. त्यामुळे ज्या कॉली पिल्लाचे कान पूर्ण ताठ उभे राहतात, त्याचा मालक हवालदिल होतो आणि टोकांना गोंद किंवा वजन लावून ती खाली वाकवू पाहतो. एका घरात पिल्लाचा कान वर बांधला जात असतो, तेव्हा दुसऱ्या घरात तो खाली चिकटवला जात असतो. दोन्ही जाती मूळच्या मेंढपाळांच्याच.

कातरण्यावरचे कायदे हळूहळू आले. डॉबरमन ज्या देशात घडला त्या जर्मनीने कान कातरण्यावर १९८७ मध्ये बंदी आणली. त्याच वर्षी युरोपीय राष्ट्रांनी पाळीव प्राण्यांच्या संरक्षणासाठी केलेल्या करारातही केवळ रूपासाठी कान कातरणे निषिद्ध ठरले. भारतात प्राण्यांना अपंग करणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१७ च्या श्वानपैदाशीच्या नियमांत कान व शेपूट कापण्याला स्पष्ट मनाई आहे. तरीही ताठ कातरलेल्या कानांचे डॉबरमन आपल्या शहरांत दिसतात, आणि ते कान कोणी व कुठे कातरले हे सहसा कोणी विचारत नाही.

शेवटचा प्रश्न उरतो : लांडग्याचे कान उभे असताना कुत्र्याचे पडले कसे? चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात, पहिल्याच प्रकरणात, यावर बोट ठेवले. माणसाळलेल्या प्राण्यांत असा एकही नाही, ज्याच्यात कोणत्या ना कोणत्या देशात लोंबते कान आढळत नाहीत. रानात मात्र हत्तीसारखे अपवाद सोडले तर असे कान विरळाच. धोका उरला नाही, कान टवकारण्याची गरज संपली, स्नायू वापराविना सैल पडले, हे स्पष्टीकरण त्याला पटण्याजोगे वाटले. आज ते कोणी मानत नाही, पण प्रश्न त्याचा अचूक होता. कुत्र्यांच्या दहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकाजवळच्या बदलाचा पडक्या कानांशी संबंध असल्याचे आता ठाऊक आहे. तो बदल माणसाळण्याच्या ओघात का पसरला, यावर मतभेद आहेत.

या प्रश्नाच्या मागे लागलेल्यांमध्ये सोव्हिएत जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव होता. त्याचा थोरला भाऊ निकोलाय हाही जनुकशास्त्रज्ञ, आणि १९३७ साली स्टालिनच्या राजवटीने त्याला अटक करून गोळ्या घातल्या होत्या. लायसेंकोच्या दबदब्यामुळे जनुकशास्त्र हा शब्दच धोक्याचा होता. अशा वातावरणात १९५९ साली बेल्यायेव आणि त्याची तरुण सहकारी ल्युदमिला त्रुत यांनी सायबेरियातील नोवोसिबिर्स्कच्या संस्थेतर्फे रुपेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. नियम एकच : माणसाला कमीत कमी घाबरणाऱ्या, कमीत कमी चावणाऱ्या कोल्ह्यांचीच पुढची पिढी घ्यायची. रंग, शेपूट, कान यांकडे निवडताना पाहायचे नाही.

त्यांच्या निष्कर्षांवर पुढे आक्षेपही आले. हे कोल्हे मूळचे कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरच्या पिंजऱ्यांत पैदास झालेल्या वंशातले होते आणि काही बदल त्यांच्यात आधीपासूनच असावेत, असे २०१९ साली काही संशोधकांनी दाखवून दिले. तो आक्षेप वजनदार आहे. तरीही त्या पिंजऱ्यांपुढे उभे असलेल्यांनी काय पाहिले, ते नोंदवण्याजोगे आहे. कोल्ह्याचे प्रत्येक पिल्लू पडक्या कानांनीच जन्मते आणि काही आठवड्यांत त्याचे कान उभे राहतात. वर्षानुवर्षे असेच होत आले होते. १९६९ च्या सुमारास एक मादी पिल्लू जन्मले. ठरलेली वेळ उलटली, पुढचे आठवडेही गेले, आणि तिचे कान काही उठले नाहीत. कोणी पट्टी बांधली नाही. तिचे नाव 'मेच्ता' ठेवण्यात आले. रशियन भाषेत त्याचा अर्थ स्वप्न.